देवापुढचे हसू

मनुष्याने जेथे हसू नये म्हणून ठरविले, नेमके तेथेच त्यास हसू यावे, हा मनुष्यस्वभावाचा जुना खोडसाळपणा आहे. स्मशानात, न्यायालयात, वडीलधारी मंडळी रागे भरत असता आणि सर्वांत अधिक म्हणजे देवापुढे. आरती ऐन रंगात आली असता एखाद्याचा सूर घसरतो, एखाद्याच्या हातातील घंटेचा लोलक निसटून समोरच्याच्या डोक्यावर पडतो, आणि डोळे मिटून उभ्या असलेल्या भाविकांच्या रांगेतून एक दबलेली लहर सरकत जाते. हसणारास आपण पाप केले असे वाटते. न हसणारास मात्र आपण पुण्य केले असे वाटत नाही, कारण त्याचेही ओठ मोठ्या कष्टाने आवळलेले असतात. देवापुढे आलेले हे हसू सदोष की निर्दोष, आणि देव दुसऱ्याचा असेल तर त्या हसण्याचा हिशेब निराळा होतो की काय, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी मलाजखंड येथे आमच्यापुढे उभा राहिला. तो वाचकांपुढे मांडावा, अशी इच्छा आहे.

मलाजखंड हे बालाघाट जिल्ह्यातील तांब्याच्या खाणीचे गाव. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, तोवर हा मुलूख आपल्याच अंगणातला होता. आजही गोंदिया सोडून उत्तरेस निघाले म्हणजे मराठी, पोवारी, गोंडी आणि हिंदी यांचे बोल एकाच बाजारात कानी पडतात. तेथल्या रानात १९८२ साली हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा प्रकल्प उभा राहिला. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरीत खाली नेलेली ती उघडी खाण पाहिली, म्हणजे एखादी राक्षसी बारव खणता खणता कोणी अर्ध्यावर टाकून गेला आहे, असे वाटते. खाणीमागोमाग वसाहत आली. वसाहतीत सर्व प्रांतांची माणसे आली आणि माणसांमागोमाग त्यांचे देव आले.

आमचे एक नातलग तेथे नोकरीस होते. त्यांच्या शेजारी बारदेशातून आलेले एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. परमुलखात कोकणी कानावर पडली म्हणजे धर्माची भिंत चार अंगुळे खाली उतरते. दोन्ही घरांत माशांच्या कालवणापासून औषधाच्या काढ्यापर्यंत देवघेव चाले. त्या कुटुंबात नातू जन्मास आला. त्याच्या बाप्तिस्म्याचे आमंत्रण नातलगांस आले, आणि पाहुणे म्हणून आम्हांसही आले.

दिवस पौषाचे होते. त्या बाजूची थंडी कोकणातल्या माणसास ठाऊक नसते. मुलाची आजी आदल्या रात्रभर एकच धोशा लावून बसली होती की, दीड महिन्याच्या पोराच्या डोक्यावर तसले गार पाणी ओतावयाचे नाही. मुलाच्या बापाची झोप त्या धोशाने गेली. हा गृहस्थ खाणीतले दगड दळणाऱ्या चक्क्यांपाशी कामास असे. त्या गडगडाटात वर्षे काढून त्याचे कानही जरा मंद झाले होते. विधी हिंदीतून चालला होता. पुरोहिताने मुलाचे नाव विचारले, ते बापाने बरोबर सांगितले. मग विधीतला दुसरा प्रश्न आला: ''इस बालक के लिए आप ईश्वर की कलीसिया से क्या चाहते हैं?'' याचे उत्तर ''बपतिस्मा'' असे ठरलेले. बापाने क्षणभर विचार केला आणि स्वच्छ आवाजात उत्तर दिले, ''थोड़ा गरम पानी, फ़ादर।''

सारे प्रार्थनामंदिर हसले. पुरोहित हसला, मुलाची आई पदराआड हसली, गाणारी मुले बाकांवर आडवी झाली. आम्हीही हसलो. पुरोहिताने हात वर करून लोकांस थांबविले आणि विधी तेथेच राखून एका मुलास घराकडे पिटाळले. गरम पाणी आले. तांब्याच्या गावात तो तांब्या मात्र स्टीलचा होता! कुंडातल्या पाण्यात ते मिसळल्यावर पुरोहिताने तोच प्रश्न पुन्हा, या खेपेस मोठ्याने, विचारला. बापाने योग्य ते उत्तर दिले आणि विधी पार पडला. परंतु दरम्यान एक गोष्ट घडली होती. लोकांचे हसणे थांबले, तरी आमचे थांबले नव्हते. सर्वत्र शांतता पसरल्यावर आमचे एकट्याचे हसू क्षणभर त्या छताखाली घुमले. पुढच्या बाकावरच्या आजीने मान वळवून आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता; पण जे होते ते रागापेक्षा सोसण्यास कठीण होते.

या लहानशा प्रसंगात तीन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. विधी चुकला म्हणजे फुकट जातो काय? विधीत हसणे ही अश्रद्धा आहे काय? आणि हसणारा कोण, यावर हसण्याची जात ठरते काय?

पहिल्या प्रश्नाचा खल ख्रिस्ती धर्मशास्त्रात पुष्कळ झाला आहे. आठव्या शतकात बव्हेरियात एक अल्पशिक्षित पुरोहित होता. त्याला लॅटिनची विभक्ती साधत नसे. 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने' असे म्हणावयाच्या जागी तो जे म्हणे त्याचा अर्थ 'पितृभूमी आणि कन्या' असा काहीतरी होई. अशा रीतीने बाप्तिस्मा झालेल्यांस पुन्हा बाप्तिस्मा द्यावा, असे धर्मप्रचारक बोनिफेस याचे मत पडले. प्रकरण रोमला गेले. पोप झकारियस याने ७४६ साली निर्णय दिला की, बोलणारा पाखंडी नव्हता, भाषेत कच्चा होता. म्हणून पुन्हा विधी नको. याहून जुनी आख्यायिका अलेक्झांड्रियाची आहे. तेथल्या धर्माध्यक्षाने समुद्रकाठी काही मुले बाप्तिस्म्याचा खेळ खेळताना पाहिली. त्यांतला धर्माध्यक्ष झालेला मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेला अथानेशियस. चौकशीत मुलाने सर्व विधी यथासांग केल्याचे दिसून आले, तेव्हा खेळात न्हालेल्या त्या मुलांचा बाप्तिस्मा खराच मानला गेला, असे जुना इतिहासकार रुफिनस सांगतो.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहावी. २०२० साली व्हॅटिकनने असा निर्णय दिला की, 'मी तुला बाप्तिस्मा देतो' याऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हटल्यास तो बाप्तिस्मा झालाच नाही. पुढे २०२२ साली अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, एका पुरोहिताने वर्षानुवर्षे सद्भावनेनेच 'आम्ही' म्हटल्याचे उघडकीस आले, आणि हजारो लोकांचे बाप्तिस्मे एका सर्वनामापायी रद्द ठरले. संपादकी थाटात 'आम्ही' म्हणण्याची खोड जडलेल्या आमच्यासारख्याने ही वार्ता ऐकून धसका घ्यावा, यात नवल नाही! पण यातला विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुरोहिताच्या मुखाने 'मी' म्हणणारा तो स्वतः नसून ख्रिस्त आहे, अशी त्या धर्माची धारणा. 'आम्ही' म्हणताच कर्ता बदलून जमलेली मंडळी कर्ती होते. बव्हेरियातल्या पुरोहिताने शब्द बिघडविला, कर्ता बदलला नाही. जीभ अडखळणे निराळे आणि वाक्याचा धनी बदलणे निराळे.

आपल्याकडे हीच दोन टोके आहेत. त्वष्ट्याने इंद्राच्या नाशासाठी यज्ञ मांडला. 'इंद्रशत्रु' या शब्दातला स्वर चुकला, आणि 'इंद्राला मारणारा' असा अर्थ व्हावयाच्या जागी 'इंद्र ज्याला मारणारा' असा अर्थ होऊन वृत्र उलट स्वतःच मारला गेला. हेतू काय होता, हे तेथे कोणी विचारले नाही. याउलट अजामिळाने मरतेवेळी आपल्या मुलास हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते, एवढ्यावर तो तरला. एकीकडे शब्दाला इतके वजन की, एका स्वराने यज्ञ उलटावा. दुसरीकडे नावाला इतके वजन की, न समजता उच्चारले तरी पापी तरावा. या दोहोंचा मेळ आपल्या कर्मकांडाने मोठ्या शहाणपणाने घातला आहे. श्रौत यज्ञात ब्रह्मा नावाचा ऋत्विज बहुतेक वेळ मौन धरून बसतो. इतरांच्या चुका पाहणे आणि त्यांवर प्रायश्चित्ताची योजना करणे, हे त्याचे काम. घरच्या साध्या पूजेच्या शेवटीही मंत्रात, क्रियेत आणि भक्तीत जे उणे राहिले असेल ते पुरे मानून घे, अशी देवाची क्षमा मागितल्यावाचून आपण उठत नाही. चूक होणारच, हे ज्या विधीने आधीच धरून ठेवले आहे, तो विधी चुकीने मोडत नाही. चुकीसाठी त्याच्या पोटात जागा केलेली असते.

मलाजखंडच्या त्या पुरोहिताने नेमके हेच केले. आणि गंमत अशी की, त्या बापाचे उत्तर जागा चुकून आले असले, तरी त्याची मागणी धर्मशास्त्राला धरूनच होती. पाणी इतके गार असेल की बालकास अपाय व्हावा, तर त्यात थोडे कोमट पाणी मिसळावे, अशी मुभा जुन्या रोमन विधिग्रंथात आहे. आजचा विधीही हवामान पाहून पाणी आधी तापवून घ्यावे असे सांगतो. म्हणजे बाप चुकला तो केवळ क्रमात.

दुसरा प्रश्न हसण्याचा. गंभीर प्रसंगी हसणे म्हणजे अश्रद्धा, हे मत जितके प्रतिष्ठित तितके जुने नाही. मध्ययुगीन जर्मनीत ईस्टरच्या दिवशी प्रवचनकार व्यासपीठावरून विनोदी गोष्टी सांगून लोकांस मुद्दाम हसवीत. मृत्यूचा पराभव झाला, मग आज हसावयाचे नाही तर केव्हा, हा त्यातला भाव. पुढे त्यात ग्राम्यपणा शिरला, आणि १५१८ साली एकोलाम्पाडियस या पंडिताने त्याचा कडक समाचार घेतला. फ्रान्सात कनिष्ठ पुरोहित वर्षातून एकदा 'मूर्खांचा उत्सव' करून धर्माध्यक्षाचीच नक्कल करीत. १४३५ साली बाझलच्या धर्मपरिषदेला तो बंद करण्याचा ठराव करावा लागला. आपल्या कोकणात तर देवळाच्या आवारातच दशावतार उभा राहतो, आणि काळ्या वेषातला संकासूर येऊन, वेद चोरणारा राक्षस असूनही, मालवणी बोलीत साऱ्या सभेची फिरकी घेतो. देव सभामंडपापलीकडेच असतो. त्याला ते खपत नसते तर हा खेळ इतकी शतके टिकला नसता. नाथांच्या भारुडांनी आणि उत्सवाच्या शेवटच्या लळितांनीही हेच केले.

त्यातून ज्या संस्काराच्या मध्यभागी मूल असते, तेथे हसू अटळच असते. मुंजीतला बटू भिक्षेतला लाडू तोंडात टाकून गायत्री ऐकतो, बारशात बाळ आत्याबाईंचे नाकच धरते, उष्टावणात देवाचा प्रसाद थुंकून टाकते. मोठ्यांनी उभारलेले गांभीर्य मुलास ठाऊक नसते आणि त्याची त्याला गरजही नसते. संस्कार त्याच्यावर व्हावयाचा असतो, पण थोडासा संस्कार तेच मोठ्यांवर करून जाते.

एवढेच नव्हे, तर जेथे कोणास हसण्याची छाती होत नाही, तेथे काय होते त्याचीही एक कथा आहे. आयर्लंडचा धर्मगुरू संत पॅट्रिक पाचव्या शतकात कॅशेलच्या राजास बाप्तिस्मा देत होता. बोलण्याच्या भरात त्याने आपल्या दंडाचे टोकदार टोक जमिनीत रोवले, ते नेमके राजाच्या पावलातून गेले. राजा ब्रही काढीना. विधी आटोपल्यावर रक्त पाहून पॅट्रिक हादरला आणि तू बोलला का नाहीस, असे त्याने विचारले. हा विधीचाच भाग असेल असे मला वाटले, असे राजाने सांगितले. अशी ही आख्यायिका. राजाच्या निष्ठेचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण आम्हांस विचाराल तर, पाय मुकाट्याने भोसकून घेणाऱ्या राजापेक्षा पोरासाठी गरम पाणी मागणारा बाप देवाच्या अधिक जवळ उभा होता. पहिल्याने विधीवर विश्वास ठेवला. दुसऱ्याने विधी ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे पाहिले.

तेव्हा विधी मोडला नव्हता, आणि हसणेही पाप नव्हते. मग आजीच्या त्या पाहण्याने आम्ही ओशाळलो का? येथे तिसरा प्रश्न येतो, आणि तो आम्हांस अडचणीचा आहे.

बायझंटाइन सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन हा तान्हा असता, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने कुंडातले पाणी घाण केले, अशी कथा आहे. तान्ह्या मुलाने दुसरे काय करावे! पण हा सम्राट पुढे मूर्तिपूजेचा कडवा विरोधक झाला, आणि मूर्तिपूजक इतिहासकारांनी त्या एका प्रसंगावरून त्याला असे ओंगळ टोपणनाव चिकटविले की, बाराशे वर्षे झाली तरी ते सुटलेले नाही. इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्याविषयीही तसलीच कथा त्याच्या निंदकांनी लिहून ठेविली. आम्ही मूर्तिपूजक, मूर्तिभंजकाची फजिती ऐकून आम्हांस प्रथम बरेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. पण मग ध्यानात आले की, हे हसू मुलाला पाहून आलेले नाही, वैऱ्याला पाहून आलेले आहे. मूल केवळ निमित्त झाले.

मग मलाजखंडचे आमचे क्षणभर लांबलेले हसू कोणाला पाहून होते? आमच्या पूर्वजांनी १५६० च्या दशकात देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना मूळ ठाव सोडून अंत्रुजात आश्रय घ्यावा लागला. १५६० साली गोव्यात बसलेले धर्मन्यायासन १८१२ पर्यंत पुरते उठले नाही. त्या काळी बाप्तिस्मा हा शब्द आमच्या घरांत हसत उच्चारला जात नव्हता. हे सारे आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले आहे. आता त्या लांबलेल्या क्षणात, 'ह्यांचा विधी कसा फसला' असे म्हणणारे एखादे जुने समाधान मिसळले नव्हते, अशी शपथ आम्हांस घेववत नाही. हसू निर्मळच सुरू झाले होते. शेवटच्या घोटात तळचा गाळ आला.

आणि तो गाळ कोणावर टाकावयाचा? मान वळवून पाहणारी आजी बारदेशची. तिच्या गावाकडे म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू लोक तेल वाहतात आणि शिरगावच्या लईराईची ती बहीणच, असे मानतात. तिच्या आणि आमच्या पूर्वजांनी कदाचित एकाच देवीपुढे नारळ फोडले असतील. ज्यांनी बाप्तिस्मा लादला ते तिचे पूर्वज नव्हेत, ज्यांच्यावर तो लादला गेला ते असण्याचाच संभव अधिक. तक्रार इतिहासाशी होती आणि पोचली ती एका म्हाताऱ्या बाईपर्यंत.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात महाराष्ट्रात या हसण्याचे शस्त्रच झाले होते. मिशनरी आमच्या देवांस हसत आणि आमचे लोक त्यांच्यास. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे जे वाद रंगले, त्यांतून कोणी कोणाचे मन वळविले असे दिसत नाही. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आली. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईच्या संसाराची दोन शकले झाली. एवढे सोसलेल्या लेखणीने हिंदू आणि ख्रिस्ती दोघांसही हसविले, पण तिने हसण्यासाठी निवडले ते आपले सोवळे, आपला संसार आणि आपल्या पतीचा विसराळूपणा. दोन्ही धर्मांच्या घरांत ते पुस्तक आजही वाचले जाते, याचे कारण आम्हांस येथे सापडते.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी आजी आमच्या पानात सान्नां वाढावयास आली. आम्ही चाचरत क्षमा मागितली. ती म्हणाली, ''देव रागार जावंचो ना, बाब. पूण भुरगें थंडयेन कांपतालें.'' तिला आमच्या हसण्याचा राग आलाच नव्हता! मूल गारठलेले असता एक माणूस अजून हसतच कसा राहिला, एवढेच तिला उमगले नव्हते. आम्ही विधीचा, इतिहासाचा आणि धर्माचा विचार करीत होतो. तिचे लक्ष मुलाकडे होते.

पुढील वर्षी पुन्हा मलाजखंडास जाण्याचा योग आला. नातलगांकडे सत्यनारायण होता. दाराशी, चपलांच्या जरा अलीकडे, तोच शेजारी मांडीवर मुलास घेऊन बसला होता. गुरुजींनी संकल्पाच्या वेळी सरकारी थाटात विचारले, ''नाव? गोत्र?'' आमच्या नातलगांनी नाव सांगितले आणि त्याच दमात गोत्राच्या जागी कंपनीतला आपला नोकरीचा क्रमांक सांगून टाकला. गुरुजींची पळी हवेत थांबली. आमचे लक्ष दाराकडे गेले. शेजाऱ्याने ओठ गच्च आवळले होते आणि तो आमच्याकडे पाहत होता. त्या पाहण्याचा अर्थ ओळखावयास आम्हांस वेळ लागला नाही. तो परवानगी मागत होता. आम्ही हसलो, घर हसले, गुरुजी हसले. मग तोही मनमुराद हसला. आणि आमचे हसू ओसरण्यापूर्वीच तो थांबला. मुलाने टाळी वाजविली, तेव्हा त्याने ते हात हळूच जोडून चौरंगाच्या दिशेला धरले.

वर्षभर जो प्रश्न आम्ही ग्रंथांच्या साह्याने सोडवीत होतो, त्याचे उत्तर त्या मंद कानांच्या माणसाने न बोलता दिले. दुसऱ्याच्या देवघरी यजमानाच्या मागून हसावे आणि यजमानाच्या आधी थांबावे. एवढे साधले तर हसण्याने देव विटाळत नाही. आणि विधीत कोणी कुडकुडताना दिसले, तर हसू बाजूला ठेवून प्रथम गरम पाणी मागवावे.